दुबार नोंद

माझ्या टेबलावर रोज तीस-चाळीस माणसं येतात आणि त्यातलं एकही धड नसतं. कुणाची मांडी फाटलेली, कुणाचा हात यंत्राच्या पट्ट्यात अडकून कोपरापासून गेलेला, कुणाच्या डोक्यात बरोबर काम करणाऱ्यानंच फावडं घातलेलं. येतात ती कागदावर. कागदाला रक्त लागलेलं नसतं, त्यामुळे मी त्यांच्या शेजारीच डबा उघडून जेवते. नऊ वर्षं झाली, घास कधी अडकला नाही.

आमचं केंद्र विद्यापीठाच्या मागच्या अंगाला आहे. पाटीवर 'साथरोगशास्त्र आणि जैवसांख्यिकी' असे दोन लांबलचक शब्द आहेत. नवीन माणूस ते वाचता वाचता दार ढकलायचं विसरतो. साथी आम्ही मोजतोच, पण सध्याचा मोठा अभ्यास आहे इजांचा. शहरातल्या सात इस्पितळांच्या अपघात विभागांत जो जखमी येईल त्याचा एक फॉर्म भरला जातो आणि आठवड्याला गठ्ठ्यानं आमच्याकडे पोचतो. फॉर्मवर नाव नाही, पत्ता नाही. क्रमांक, वय, उंची, रक्तगट, जुनी इजा, नवी इजा, सोबत कोण आलं, आणि चौदाव्या रकान्यात इजा कशी झाली त्याचा कोड. एक वाहन, दोन भाजणं, तीन पडणं, चार यंत्र, पाच प्राणी, आणि सहा म्हणजे दुसऱ्या माणसानं केलेली. ही माणसं कोण ते शोधायचं नाही, अशी आम्ही सगळ्यांनी सही करून दिलेली आहे.

माझं काम नोंदी साफ करायचं. एका इस्पितळानं दुसरीकडे पाठवलं की एकाच माणसाचे एकाच दिवशी दोन फॉर्म होतात. त्याला आम्ही दुबार नोंद म्हणतो. पहिली ठेवायची, दुसरी उडवायची, आणि उडवल्याच्या वहीत क्रमांक लिहून पुढे कारण आणि सही. मी इतक्या झपाट्यानं उडवते की माझं नाव 'कात्री' पडलं. ते ठेवलं आमच्या संख्याशास्त्रज्ञानं. मी त्याला 'सरासरी' म्हणते, कारण तो चहा पिऊनसुद्धा "सरासरी बरा आहे" असंच म्हणतो.

त्या दिवशी सकाळी मॅडमनी, म्हणजे केंद्राच्या प्रमुखांनी, आम्हा दोघांना बोलावून एक कागद पुढे केला. आमचा लेख नियतकालिकाकडून परत आला होता. तपासणाऱ्यानं एकच प्रश्न विचारला होता. दोन वर्षांत वीस हजार जखमी, आणि त्यातला एकही माणूस पुन्हा जखमी होऊन आला नाही, हे कसं?

सरासरी माझ्या टेबलाशी आला, वही उघडली आणि पानं उलटत बसला. मग हळूच म्हणाला, "नियमात मी 'त्याच दिवशी' असं लिहिलं होतं. ते कुठं गेलं?"

"मी काढलं," मी म्हटलं. "डॉक्टर लोकांच्या तारखा बघितल्यास का कधी? एक आहे की सात ते त्यांच्या आईला कळणार नाही. तारीख जुळत नाही म्हणून खऱ्या दुबार नोंदी राहून जायच्या. नवी इजाही जो तो आपापल्या शब्दांत लिहितो. म्हणून ती आणि तारीख सोडून बाकी सगळं जुळलं की उडवते."

"म्हणजे जो दुसऱ्यांदा मार खाऊन आला, त्याला तू उडवलंस."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात माझा आधी उठतो आणि डोकं मागून येतं, लहानपणापासून असंच आहे. टेबलावर लोखंडी स्टेपलर होता, तो मी त्याच्या तोंडावर फेकला. भुवई फुटली. रक्त गालावरून ओघळून वहीवर पडलं आणि मी पहिल्यांदा आमच्या कागदावर खरं रक्त बघितलं. आवाज ऐकून मॅडम दारात आल्या.

"काय झालं रे कपाळाला?"

"कपाटाच्या दारावर आपटलो," सरासरी म्हणाला, आणि रुमाल दाबून माझ्याकडे बघत राहिला.

मला लाज वाटली, पण माफी मागायची म्हटलं की माझी दातखीळ बसते. मी खुर्चीत बसले आणि माझंच बरोबर आहे हे सिद्ध करायला उडवलेल्या सगळ्या नोंदी पडद्यावर परत आणल्या. अकराशे आणि वर काही होत्या. एकाच माणसाच्या जास्तीत जास्त किती वेळा उडवल्या, त्या क्रमानं लावल्या. सगळ्यात वर एक बाई आली. फॉर्म पाच. एक ठेवलेला, चार उडवलेले. इस्पितळं चार वेगवेगळी.

वय चौतीस. उंची एकशे बावन्न. रक्तगट एबी निगेटिव्ह. जुनी इजा: डाव्या करंगळीचं वरचं पेर नाही.

ते पेर मी तोडलंय.

मी अकरा वर्षांची होते आणि धाकटी सातची. तिनं माझा कंगवा घेतला होता. नुसता कंगवा. ती खोलीत पळाली, चौकट धरून मला वेडावलं आणि मी दार होतं नव्हतं ते बळ लावून आपटलं. पेर उंबऱ्याच्या आत पडलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आई म्हणाली, "पडली." आणि धाकटीनं रडता रडता मान हलवली. पुढे शाळेत, लग्न ठरताना, कुणी कुणी विचारलं की ती हेच सांगायची. "लहानपणी पडले होते." माझ्याकडे बघायचीसुद्धा नाही सांगताना.

मी पाच फॉर्म ओळीनं वाचले. जबडा आणि दोन दात. डावं मनगट मोडलेलं. उजव्या तीन बरगड्या. पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, इस्त्रीच्या आकाराचा चटका. पाचव्यात कानाचा पडदा फाटलेला आणि कानामागे नऊ टाके. पाचही ठिकाणी चौदाव्या रकान्यात तीन. खाली तपशील: जिन्यावरून पडली, जिन्यावरून पडली, न्हाणीघरात पडली, इस्त्रीवर पडली, जिन्यावरून पडली. माणूस पाठीवर इस्त्री ठेवून कसा पडतो ते कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. एकेकीला मिनिटभरही न देता मी चार उडवल्या होत्या आणि चारदा लिहिलं होतं, 'दुबार'.

सोबत कोण आलं? नवरा, पाचही वेळा.

धाकटीचं घर तळमजल्यावर आहे. तिच्या घरात जिना नाही.

पहिल्या फॉर्मची तारीख आई गेली त्या आठवड्यातली होती. आईच्या शेवटच्या चार दिवसांत धाकटी फिरकली नाही. फोन केला तर नुसतं काहीतरी पुटपुटली आणि मी तिला म्हणाले होते, "मेलीस तू माझ्यासाठी." तेरा महिने मी तिच्याशी बोलले नव्हते. पुटपुटली, कारण तिचा जबडा तारेनं बांधलेला होता.

मी ओरडले असणार, कारण सरासरी धावत आला. मी पडद्यावर बोट ठेवून एवढंच म्हणाले, "माझी बहीण." त्यानं खुर्ची ओढली आणि पाच तारखा एका कागदावर उतरवल्या. मधले दिवस मोजले. दोनशे अकरा. एकशे चार. पन्नास. सव्वीस. पेन्सिल थांबली.

"बोल की," मी म्हटलं.

"पाच नोंदींवरून काही म्हणता येत नाही."

"नियम मला शिकवू नकोस. काय दिसतंय ते सांग."

"दर वेळी निम्मं होतंय," तो म्हणाला. "पुढचं तेरा दिवसांवर. दोन दिवस इकडे तिकडे." त्यानं कॅलेंडर बघितलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "शेवटचा फॉर्म अकरा दिवसांपूर्वीचा आहे."

मी पर्स उचलली. मॅडमही पुन्हा दारात आल्या होत्या, सगळं ऐकलं होतं त्यांनी. मला वाटलं आता सहीची आठवण करून देणार. त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसायला लागल्या. "मला चष्म्याशिवाय काही दिसत नाही, तुला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "पुसून होईपर्यंत तू इथं असता कामा नयेस. आणि ती वही मी माझ्या कपाटात ठेवतेय, कुलपात."

धाकटीच्या घराचं दार मेहुण्यानं उघडलं. तो लोकांना गाडी चालवायला शिकवतो. दिवसभर परक्यांच्या चुका हसत हसत सांभाळतो, आवाज म्हणून चढवत नाही. आख्ख्या नात्यात त्याच्याइतका गोड माणूस नाही असं आईसुद्धा म्हणायची. "अरे वा, ताई!" तो म्हणाला. "आज वाट वाकडी केलीत! या, या. अगं, बघ कोण आलंय."

धाकटी स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती. कानामागचे केस कापलेले, टाके अजून काळे. मला बघून तिनं आधी त्याच्याकडे बघितलं. तेवढं मला पुरलं.

"चल," मी म्हटलं. "चप्पल घाल."

"कुठं?" मेहुण्यानं हसतच विचारलं. "चहा तरी घ्या. इतक्या महिन्यांनी आलात."

"पाच फॉर्म वाचून आलेय मी. पाच. आणि तुझ्या घरात जिना कुठं आहे तो दाखव मला आधी."

त्याचं हसू तसंच राहिलं. तो वळला, बाहेरच्या दाराची कडी लावली, परत आला, आणि तेच हसू घेऊन त्यानं धाकटीच्या थोबाडीत मारली. टाके होते त्याच बाजूला. ती ओट्यावर आपटली, पातेली खाली आली. "काय सांगितलंस हिला?" तो विचारत होता, आवाज न चढवता. "काय सांगितलंस?" ती काहीच बोलली नव्हती. तेरा महिने ती कुणालाच काही बोलली नव्हती.

मी त्याच्या अंगावर गेले. माझ्या रागाचा आयुष्यात एकदा तरी काही उपयोग व्हावा असं मला वाटलं असेल. मी त्याचा गाल ओरबाडला, पर्स तोंडावर मारली, दंडाला चावले. पण तो माझ्या दुप्पट होता आणि मारायची त्याला सवय होती. त्यानं माझे केस मुठीत धरले आणि माझं डोकं चौकटीवर आपटलं. एकदा, मग पुन्हा. नाक मोडल्याचा आवाज मला आतून ऐकू आला. तोंडात रक्त आलं, जमीन तिरकी झाली, मी गुडघ्यावर आले. त्यानं माझा उजवा हात पाठीमागे पिरगाळला आणि वर रेटत गेला. मनगटात काहीतरी तुटलं. मी किंचाळले तशी त्यानं माझ्या बरगडीत लाथ घातली आणि म्हणाला, "ताई, लागलं का हो?"

मग धाकटीचा आवाज आला. "एक."

थड् असं काहीतरी वाजलं आणि माझा हात सुटला. ती त्याच्या मागे उभी होती, हातात इस्त्री. जुनी, जड, वायर लोंबत असलेली. तिनं त्याच्या दंडावर मारली होती आणि तो दंड आता भलत्याच ठिकाणी वाकला होता. तो तिच्याकडे बघत राहिला. मारावं की विचारावं हे त्याला सुचेना.

"दोन," ती म्हणाली आणि खांद्यावर घातली. तो भिंतीला घसरत खाली बसला. "तीन." गुडघा. आता तो ओरडला. तेरा महिन्यांत त्या घरात त्याचा आवाज चढला तो पहिल्यांदाच असावा, कारण शेजाऱ्यांनी लगेच दार बडवायला सुरुवात केली.

तिनं इस्त्री पुन्हा उचलली, या वेळी डोक्याच्या वर. तिचे डोळे त्याच्या टाळूवर होते. मी उठले कशी ते माहीत नाही. डाव्या हातानं तिचं मनगट धरलं. तेच मनगट, मोडून वाकडं जुळलेलं.

"सोड, ताई. अजून दोन राहिलेत."

"राहू देत."

"पाच आहेत. मी मोजलेत. सगळे मोजलेत मी."

"लिहून घेऊ," मी म्हटलं. नाकातलं रक्त तोंडात येत होतं, नीट बोलता येत नव्हतं. "पाचही लिहून घेऊ. शपथ. मला येतं ते."

तिनं हात खाली घेतला. मी तिच्या हातून इस्त्री घेतली आणि ओट्यावर ठेवली, बटणाकडची बाजू भिंतीला, जशी आई ठेवायची. मग जाऊन कडी काढली.

अपघात विभागात आम्हाला तिघांना एकाच रांगेत बसवलं. तो कडेच्या खाटेवर, आम्ही दोघी बाकावर. नर्स आमचाच फॉर्म घेऊन आली. चौदा रकान्यांचा तो तक्ता मी आखलाय, रेघा जाड ठेवा म्हणून छापखान्यात भांडलेय. आज मी त्याच्या दुसऱ्या बाजूला होते.

आधी ती त्याच्याकडे गेली. "कसं झालं?"

त्यानं आमच्याकडे बघितलं. दोन बायकांनी मारलं हे त्याच्या तोंडून निघेना. "पडलो," तो म्हणाला. "जिन्यावरून."

नर्सनं तीन लिहायला पेन टेकवलं. खोटं कशाला सांगू, मनात म्हटलं, लिहू दे तीन. धाकटी सुटेल.

"आमच्या घरात जिना नाही," धाकटी म्हणाली.

नर्सनं मान वर केली.

"सहा लिहा. मी मारलं. इस्त्रीनं, तीन वेळा."

"अहो, सहा लिहिलं तर पोलिसांना कळवावं लागतं," नर्स आवाज खाली आणून म्हणाली. "विचार करा."

"कळवा. आणि हिचंही सहा, ते यानं केलंय. आणि माझेही सहा. आजचा, आणि मागचे पाच."

"मागच्या वेळी मीच होते ड्युटीवर," नर्स म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "तुम्ही पडलात म्हणून सांगितलं होतं. तुम्हीच मान हलवलीत. आता उलट सांगितलं तर ते विचारतील पुरावा काय."

"पाचही फॉर्म आहेत," मी म्हटलं. "चार मी उडवले होते. कुठला क्रमांक, कुठल्या दिवशी, कुठलं इस्पितळ, सगळं वहीत आहे, माझ्या सहीनं. कारण तेवढं चुकीचं लिहिलंय. ते मी पोलिसांसमोर सांगेन."

"चुकीचं म्हणजे?"

"दुबार लिहिलंय. दुबार नव्हते ते. दर वेळी नवीन मारलं होतं."

खाटेवरून तो काहीतरी म्हणाला, गोड आवाजात, धाकटीचं लाडकं नाव घेऊन. तिनं तिकडे पाठ केली. तिची पाठ मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितली, ब्लाऊजच्या गळ्यातून डागाचं टोक वर आलेलं दिसत होतं. मी तोंड फिरवलं नाही.

नर्स आमच्यासमोर स्टूल ओढून बसली आणि धाकटीचा फॉर्म नव्यानं सुरू केला. वय, उंची, रक्तगट. धाकटी एकेक सांगत गेली, शांतपणे, जबड्याच्या एका बाजूनं. मग जुन्या इजेचा रकाना आला. नर्सनं तिचा डावा हात उचलून बघितला.

"ही करंगळी?"

"ते काही नाही," धाकटी पटकन म्हणाली. "लहानपणी पडले होते."

इतकं सगळं सांगून झाल्यावर, इतकं सगळं सोसून झाल्यावरसुद्धा ती हेच म्हणाली, आणि सवयीनं माझ्याकडे बघितलं नाही. सत्तावीस वर्षं ती माझ्यासाठी पडत होती. पडले म्हणायला तिला आम्हीच शिकवलं होतं, आईनं आणि मी.

"पडली नव्हती," मी म्हटलं. "दार आपटलं होतं. मी. इथंही सहा लिहा."

"ताई," धाकटी म्हणाली, "जाऊ दे ना."

"लिहा तुम्ही."

नर्स गोंधळली. "पण जुन्या इजेला कोड लागत नाही. रकानाच नाहीये त्याचा."

"माहीत आहे. तो फॉर्म मीच आखलाय. तरी लिहा."

नर्सनं क्षणभर दोघींकडे बघितलं. मग कागद जरा तिरका केला आणि समासात, करंगळीच्या ओळीसमोर, सहा लिहिलं.